निचऱ्याचं पाणी

प्रिय टिटवी,

रविवारी तू फोनवर विचारलंस, बाबा, तुम्ही ओढ्याकाठी राहता, आकडा का उतरला असेल, तुम्हाला काय वाटतं? मी म्हणालो, मला त्यातलं काय कळतंय. आणि फोन तुझ्या आईकडे दिला, मग गाडी तिच्या गुडघ्यावर गेली. खरं सांगायचं तर त्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे आहे. थोडंथोडकं नाही, दोन वह्या भरून आहे. शहराच्या पाण्यातलं नायट्रेट पाच वर्षांपूर्वी चौपन्न होतं आणि आता छत्तीस आहे, यामागे नेमकं काय झालं ते मी पहिल्यापासून सांगतो. तू कामात असशील, पण हे एका बैठकीत वाच. मला मधलं काही गाळून सांगता येत नाही हे तुला माहीतच आहे.

तीन वर्षांपूर्वी तुझ्या आईचं पित्ताशय काढलं, तेव्हा तू दोन दिवसांची रजा घेऊन आलीस आणि परत गेलीस. पुढचे सात दिवस मी हॉस्पिटलात बसून होतो. म्हणजे बसून नव्हतोच. शेतकऱ्याला एका खुर्चीवर सात दिवस बसवणं म्हणजे शिक्षाच. त्यामुळे मी त्या इमारतीत फिरत सुटलो. लिफ्टची मोटर कुठे आहे, चादरी किती वेळा धुतात, रात्रपाळी कधी बदलते, सगळं विचारून झालं. आई म्हणाली, तुम्हाला इथे नोकरीला ठेवतील. तिसऱ्या दिवशी आमच्या मजल्यावरच्या नळाला पाणी नव्हतं, म्हणून थर्मास घेऊन वरच्या मजल्यावर गेलो. तो बाळंतिणींचा वॉर्ड. नळाच्या वर प्लास्टिकच्या पाकिटात घालून एक कागद चिकटवला होता. लिहिलं होतं, या नळाचं पाणी बाळांच्या दुधासाठी वापरू नये, उकळूनही वापरू नये.

उकळूनही नाही, हे वाचून मी थबकलो. पाणी उकळलं की शुद्ध झालं, एवढं आपण सगळेच धरून चालतो. तिथल्या नर्सला विचारलं तर म्हणाली, काका, त्यात जे आहे ते उकळून जात नाही, उलट घट्ट होतं. मोठ्यांना बाधत नाही, पण अगदी लहान बाळांचं अंग त्याने निळं पडू शकतं, म्हणून खबरदारी. मी विचारलं, येतं कुठून? ती म्हणाली, वरून, शेतांकडून. एवढं बोलून ती कामाला लागली. तेवढ्यात एक तरुण माणूस हातात पाण्याचा मोठा कॅन घेऊन जिना चढून आला. लिफ्ट त्या दिवशी बंद होती. कपाळावर घाम, अंगात ऑफिसचा शर्ट. नुकताच बाप झालेला असावा, कारण वॉर्डच्या दाराशी त्याने आधी बूट काढले, मग परत घातले, मग पुन्हा काढले. त्याला दार उघडून दिलं आणि थर्मास न भरताच मी खाली आलो. तुझ्या पाणी तपासणीच्या अहवालातला चौपन्न मला पाठ होता, टिटवी. पण चौपन्न म्हणजे कॅन उचलून तीन जिने चढणारा माणूस, हे मला माहीत नव्हतं.

आईला घरी सोडलं त्या दिवशी दुपारी मी बाजारात गेलो. पाणी तपासायच्या कागदी पट्ट्या मिळतात असं तुझ्याच तोंडून कधीतरी ऐकलं होतं. औषधाच्या दुकानात नव्हत्या, बियाण्याच्या दुकानात त्यांनी माझ्याकडे विचित्र नजरेने पाहिलं. शेवटी शोभेचे मासे विकणाऱ्याकडे मिळाल्या. त्याने विचारलं, टाकी केवढी आहे, मासे किती आहेत? मी म्हणालो, मासे नाहीत, बटाटे आहेत. त्याने डबा दिला आणि पुढे काही विचारलं नाही.

तुला हसू येईल, पण पहिले दोन दिवस मी दिसेल त्यात पट्टी बुडवत होतो. पट्टी पाण्यात धरायची, झटकायची, मिनिटभर थांबायचं आणि टोकाचा चौकोन किती गुलाबी होतो ते डब्यावरच्या रंगांशी ताडून पाहायचं. घरच्या विहिरीत बुडवली, कुत्र्याच्या भांड्यात बुडवली, पालक धुतलेल्या पाण्यात बुडवली. चहातही बुडवली, पण चहाचाच रंग लागला आणि आईने डबा काढून घेतला. मला त्या मिनिटभराचंच वेड लागलं. पांढरा चौकोन समोर असतो, काही नाही म्हणता म्हणता कडेने गुलाबी व्हायला लागतो. ज्या पाण्याला रंग नाही, वास नाही, चव नाही, ते आपलं आपण बोलायला लागतं. तू हे काम का सोडत नाहीस, दुसरीकडे बढतीसह बोलावत होते तेव्हा का गेली नाहीस, ते मला त्या आठवड्यात समजलं.

मग पाऊस झाला आणि मी शेताखालच्या निचऱ्याशी गेलो. आपल्या जमिनीत तीन पाइप पुरलेत ते तुला ठाऊक आहेत, तुझ्या आजोबांनी पुरले. जास्तीचं पाणी मातीतून त्यांच्यात झिरपतं, तीन तोंडांनी ओढ्यात पडतं आणि ओढ्यातून शहराच्या नळापर्यंत जातं. वरचं, मधलं आणि खालचं. लहानपणी तू खालच्या तोंडाशी कागदाच्या होड्या सोडायचीस आणि होडी समुद्रात गेली का म्हणून दर तासाला मला विचारायचीस. त्या खालच्या तोंडाशी पट्टी धरली. मिनिटही लागलं नाही. चौकोन जांभळट झाला. डब्यावर शंभराचा रंग होता, तो आणि हा, काही फरक नव्हता.

तुझ्या अहवालात आपल्या शेताचा आकडा आठ होता. आता तू थांबशील आणि विचारशील, दोन वर्षांत आठाचे शंभर कसे झाले? विचारायलाच हवं. ते मी सांगणार आहे, पण मधे जे घडलं ते आधी सांगू दे. ते कळलं नाही तर छत्तीसचा उलगडा होणार नाही.

हॉस्पिटलातल्या त्या सात दिवसांत मी भटारखान्यातही डोकावलो होतो. आईच्या सूपमधला कोबी मला दोरीसारखा लागला, म्हणून हा कुठला कोबी ते विचारायला गेलो. तिथल्या मुख्य बाई म्हणजे मूर्तिमंत दरारा. उंच, बाह्या वर केलेल्या, बोलता बोलता कांदा चिरणार आणि कांद्याकडे बघणार नाहीत. म्हणाल्या, ट्रकने येतो, दोन दिवसांचा प्रवास करून येतो, वरची चार पानं काढून टाकली की जे उरतं ते तुमच्या बाईसाहेबांच्या सूपमध्ये. मी म्हणालो, आमचं शेत इथून सायकलवर पाऊण तास आहे. त्या म्हणाल्या, मग कोबी का आणत नाही? मी म्हणालो, आम्ही बटाटा लावतो, कारखान्यासाठी. त्यांनी पहिल्यांदा सुरी खाली ठेवली आणि विचारलं, म्हणजे तुमच्या बटाट्याचे तळलेले काप होऊन पाकिटातून इथल्या कँटीनला येतात आणि मी मात्र कोबीची वाट बघत बसते?

पट्टी जांभळी झाल्यावर मी त्या बाईंकडे परत गेलो. कारखान्याला बटाटा मोठा आणि एकसारखा हवा असतो. मोठा बटाटा म्हणजे जास्त खत. पीक निघालं की जमीन उघडी, आणि उघड्या जमिनीत उरलेलं खत पहिल्या पावसाबरोबर पाइपात. हे मला कुणी शिकवलं नाही, पट्टीने शिकवलं. कसं ते सांगतो. त्या वर्षी बटाटा काढल्यावर मधल्या पाइपावरच्या तुकड्यात मी चाऱ्याचा ओट पेरला. विकायला नाही, कापायला नाही, नुसता जमिनीवर उभा राहायला. खालचा तुकडा नेहमीसारखा उघडा ठेवला. शेजारपाजारचे म्हणाले, म्हाताऱ्याचं डोकं फिरलं, रिकाम्या जागेत गवत पेरतोय. सहा आठवड्यांनी मोठा पाऊस झाला तेव्हा मी छत्री घेऊन दोन्ही तोंडांशी गेलो. उघड्या तुकड्याचं पाणी शंभर, ओटाखालचं पंचवीस. मला वाटलं, पट्टी खराब आहे. दुसरी घेतली, तिसरी घेतली. पाच पट्ट्या घालवल्या. जमीन तीच, पाऊस तोच, अंतर शंभर पावलं. तो ओट काही करत नव्हता, नुसता उभा होता आणि बटाट्याने ताटात टाकलेलं सगळं खात होता. मी तिथे छत्रीखाली उभा राहून एकटाच हसलो, आणि इतक्या वर्षांत आपण जमिनीला हे कधी विचारलं कसं नाही याचं मला फार नवल वाटलं.

बाईंशी मग ठरलं. कारखान्याचा बटाटा एकदम सोडला नाही, पहिल्या वर्षी तिसरा हिस्सा सोडला. त्या जागी कोबी, गाजर, कांदा, वाटाणा, पालक, एकाच्या पाठीवर दुसरं, म्हणजे जमीन कधी उघडी नाही. बाईंना आकाराचं काही नव्हतं. गाजराला दोन पाय फुटलेले असले तरी त्या म्हणायच्या, आमच्याकडे आल्यावर त्याचे तुकडेच होणार आहेत, त्याला सौंदर्यस्पर्धेला पाठवायचं नाही. पहिल्या खेपेला मी इतका पालक नेला की हॉस्पिटलभर तीन दिवस हिरवं सूप होतं आणि एका डॉक्टरने म्हणे लेखी तक्रार केली. तेव्हापासून बाई सोमवारी मला आठवड्याची यादी देतात आणि मी त्याप्रमाणे काढतो. खत मी निम्म्यावर आणलं आणि तेही पसरून नाही, ओळीत, मुळापाशी. उरलेली गरज कुजलेल्या शेणखतावर. ओढ्याच्या काठाने आठ पावलं रुंद पट्टा नांगरायचा सोडला, तिथे गवत आणि झुडपं वाढू दिली. दुसऱ्या वर्षी शाळेच्या आणि वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरांनी बाईंचं बघून मागणी केली, ती मला एकट्याला पुरवता येईना, म्हणून खालच्या अंगाचे चार शेतकरी आले. माझी अट एकच होती, पीक निघालं की काहीतरी पेरायचं, जमीन उघडी ठेवायची नाही. त्यांना वाटलं, मी पुण्यकर्म करतोय. मी पट्ट्या वाटल्या. पंधरा दिवसांत त्यांनाही माझ्यासारखंच वेड लागलं. एकाने तर सासऱ्याच्या विहिरीत बुडवून घरात भांडण लावलं.

सगळं गोड झालं असं समजू नकोस. पहिल्या वर्षी बटाटा बारीक निघाला, कोबीवर अळी पडली आणि मी पाठीचं दुखणं ओढवून घेतलं. भाजीचं काम बटाट्यासारखं नाही, रोज वाकावं लागतं. पण खालच्या तोंडाचा आकडा दर पावसाला उतरत गेला. शंभर, मग त्याहून जरा फिकट, मग पन्नास, आणि आता दोन पावसाळे पंचवीस आणि पन्नासच्या मधे. प्रत्येक वेळची तारीख, वेळ, पाऊस किती, शेतात काय उभं होतं, सगळं वहीत आहे. तुझा शहरातला आकडा आणि माझ्या वहीतला आकडा शेजारी ठेवलेस तर ते दोघं हातात हात घालून उतरताना दिसतील.

आणि हे तुला दिसलं नाही, कारण तुझ्या हिशोबात आपलं शेत पहिल्यापासून स्वच्छ होतं. आठ. जे स्वच्छच आहे त्यात सुधारायला काय उरतं? मी हॉस्पिटलला भाजी देतो हे तुला माहीत होतं, तुला त्याचं कौतुकही होतं, पण त्याचा पाण्याशी संबंध लावायचं तुला काही कारणच नव्हतं. ते कारण मी तुझ्यापासून काढून घेतलं होतं.

आता तो दिवस. पाच वर्षांपूर्वी तू सात शेतांवर सात बाटल्या ठेवून गेलीस. मोठा पाऊस झाला की सहा तासांच्या आत निचऱ्याच्या तोंडातून भरायची, झाकण घट्ट लावायचं, चिठ्ठीवर जागा आणि वेळ लिहायची, सकाळी तुमची गाडी बर्फाची पेटी घेऊन येणार. तुझ्या मॅडम म्हणाल्या होत्या की वडिलांच्या शेताचा नमुना कुणी दुसऱ्याने घ्यावा. तू म्हणालीस, माझे बाबा आहेत, ते सांगितल्याप्रमाणेच भरतील. हे तू आईला सांगितलंस आणि आईने मला कौतुकाने सांगितलं. पाऊस दुपारी आला. मी बाटली घेऊन खालच्या तोंडाशी गेलो, झाकणही काढलं. पाणी काचेसारखं होतं. पण त्याच आठवड्यात मी पिशवीवर लिहिल्यापेक्षा दीडपट खत टाकलं होतं, आणि कारखान्याचा माणूस सांगून गेला होता की पाण्याच्या भानगडीत ज्याचं नाव येईल त्याचा माल पुढच्या वर्षी घेणार नाही. मला आकडा माहीत नव्हता, भीती माहीत होती. मी झाकण लावलं, उलटा फिरलो, वर झाडीतल्या झऱ्याशी गेलो आणि तिथे बाटली भरली. त्या झऱ्याच्या वर शेत नाही, गोठा नाही, काहीच नाही. चिठ्ठीवर लिहिलं, खालचं तोंड, दुपारी सव्वाचार. त्याचे आठ आले.

सात बाटल्यांत सगळ्यात मोठा आकडा गोठेवाल्या काकांचा आला, एकसष्ट. त्यांचा शेणाचा ढीग ओढ्याला लागून होता आणि तो झिरपत होता, ते खोटं नव्हतं. पण माझं खरं पाणी त्या कागदावर असतं तर ते पहिले नसते, दुसरे असते, आणि त्यांची जमीन माझ्या चौथ्या हिश्शाएवढी. ढिगाखाली पक्की टाकी वर्षभरात बांधा, नाहीतर गोठा कमी करा असा हुकूम त्यांना एकट्यालाच आला. त्यांना टाकी झेपली नाही. तीस गायींतल्या तेवीस विकल्या. ट्रकमध्ये गायी चढवायला त्यांनी मला हाक मारली आणि मी गेलो. मी त्यांच्या गायींची दावी धरली, टिटवी.

वर्षाने तू फोन केलास आणि म्हणालीस, गायी गेल्या तरी आकडा हलत नाही, असं का बाबा? मी म्हणालो, पाऊसमान असेल. मग तू जमिनीखाली पाणी किती वर्षं मुरून राहतं त्याचा अभ्यास सुरू केलास. सुट्टीत आलीस की जेवताना तेच बोलायचीस आणि मी वाढत असायचो. तुला प्रश्न पडला की तू झोपत नाहीस हे मला तुझ्या होड्यांच्या वेळेपासून ठाऊक आहे. ज्या प्रश्नाने तुला दोन वर्षं छळलं त्याचं उत्तर तुझ्या समोर बसून जेवत होतं.

हे सगळं सुधारायला लागलो तेव्हा मी मनाशी म्हणायचो की पाणी स्वच्छ झालं म्हणजे फिटलं, मग सांगायची गरज काय? तीन वर्षं त्यावर निभावलं. रविवारी तू म्हणालीस की गोठा कमी केल्याचा परिणाम उशिरा का होईना दिसला, त्याचा अहवाल तयार आहे, आणि त्यावरून पलीकडच्या दोन ओढ्यांवरचे अकरा गोठे हलवायची शिफारस पुढच्या महिन्याच्या बैठकीत जाणार आहे. अकरा. मी फोन आईकडे दिला तो त्यामुळे.

त्या संध्याकाळी आईला सांगितलं. ती शेंगा सोलत होती. म्हणाली, त्या दिवशी तुम्ही बाटली घेऊन खाली गेलात आणि वरच्या वाटेने परत आलात, मी दारातून पाहिलं होतं. मी विचारलं, मग बोलली का नाहीस? ती म्हणाली, तुम्ही बोलाल म्हणून. पाच वर्षं वाट पाहिली तिने, आणि मला वाटत होतं की हे मला एकट्यालाच ठाऊक आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी गोठेवाल्या काकांकडे गेलो. तुला माहीत नसेल, गेली तीन वर्षं माझ्या शेताला लागणारं शेणखत त्यांच्याच गोठ्यातून येतं. ओढ्याकाठचा ढीग आम्ही दोघांनी मिळून उचलला आणि माझ्या वरच्या बांधावर कुजवायला टाकला, तेव्हापासून दर आठवड्याला त्यांची गाडी येते. ते धार काढत होते. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. त्यांचा हात थांबला नाही. बादली भरल्यावर म्हणाले, पोरीला सांगितलंस? मी म्हणालो, अजून नाही. ते म्हणाले, मग तू अजून कुणालाच सांगितलेलं नाहीस. त्यांनी बादली उचलली आणि आत गेले. मी अंगणात बराच वेळ थांबलो. मग ते दारात आले आणि म्हणाले, बैठक कोणत्या तारखेला आहे? मी तारीख सांगितली. म्हणाले, मी येणार, पण तुझ्याबरोबर नाही. या आठवड्यात त्यांची गाडी आली नाही. यावं अशी अपेक्षा धरायचा मला हक्क नाही, पण गुरुवारी मी बांधावर जाऊन रस्त्याकडे बघत होतो हे कबूल करतो.

तू रागावशील. त्याबद्दल मी काही लिहीत नाही, तो राग तुझा आहे आणि तो किती दिवस ठेवायचा ते तू ठरव. मला चिंता वेगळी आहे. तो आठ तुझ्या सहीखाली छापलेला आहे. लोक म्हणतील, मुलीने बापाला वाचवलं. म्हणून हे पत्र. तुझ्याशी फोनवर बोलून मोकळा झालो असतो, पण फोन फाईलला लावता येत नाही. हा कागद लाव. बाटली कुठे भरली, चिठ्ठीवर काय लिहिलं, तुला त्यातलं काहीही माहीत नव्हतं, हे सगळं माझ्या अक्षरात वर आहे, आणि प्रत्येक पानाच्या खाली मी पूर्ण सही करून तारीख घातली आहे. तुझ्या आईने साक्षीदार म्हणून शेवटच्या पानावर सही केली आहे. दोन्ही वह्या पार्सलने वेगळ्या पाठवल्या आहेत. माझ्या पट्ट्या माशांच्या दुकानातल्या आहेत, तेव्हा त्यांच्यावर विसंबू नका, तुमची बाटली पाठवा. पण तू येऊ नकोस, दुसऱ्या कुणाला पाठव, मॅडम पहिल्यांदा म्हणाल्या होत्या तसं. त्याला म्हणावं, तिन्ही तोंडांचं पाणी घे, झऱ्याचंही घे. मी त्या दिवशी गाजराच्या वाफ्यात असेन, आणि तो भरून निघून जाईपर्यंत ओढ्याकडे फिरकणार नाही.

तुझाच,
बाबा